कोल्हापूरचा सिनेमा नेमका कधी संपला?

कपडेपट
शनिवार, रात्री ९:४०

गेल्या महिन्यात मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर रिकामं केलं. माळ्यावर थोरल्या काकांची लोखंडी ट्रंक होती. काका जयप्रभा स्टुडिओत कपडेपट सांभाळायचे. ट्रंकेत तळाशी एक लांबट, हिशेबाची असते तशी वही निघाली. पानोपानी याद्या. मुंडाशी लाल, मुंडाशी पांढरी, अंगरखे, शेले, सुरवारी, धोप लाकडी, ढाली कातडी. प्रत्येक नगापुढे तो कुणाला दिला, परत कधी आला, कुठं उसवला, कुणी रफू केला. एका शेल्यापुढे फक्त 'पावसात भिजला, रंग उतरला, पुन्हा रंगवला' एवढंच लिहिलंय. पानाच्या कोपऱ्यात त्याच लाल रंगाचा अंगठ्याचा ठसा आहे.

ती रात्र मी वही वाचत काढली. लहानपणापासून घरात, तालमीत, चहाच्या गाड्यावर एकच वाक्य ऐकत आलोय, 'अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत कोल्हापूरचा सिनेमा जळाला.' गांधीजींच्या खुनानंतरची ती जाळपोळ. मीही बाहेरगावच्या मित्रांना हेच सांगत आलो. पण वहीतली पहिली नोंद १९५१ ची आहे आणि शेवटची १९७२ ची. सिनेमा अठ्ठेचाळीसलाच जळाला असेल, तर त्याची मुंडाशी पुढं एकवीस वर्षं कोण बांधत होतं?

म्हणून हा धागा. मला जे समजलंय ते मांडतो, जाणकारांनी दुरुस्त करावं.

आपल्याकडं सिनेमा आला तो नाटकाच्या पडद्यांतून. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ मूळचे मेस्त्री, संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे. १९१३ साली फाळक्यांचा चित्रपट आला आणि या दोघांनी आपणही हे करायचं असं ठरवलं. आनंदराव १९१६ मध्ये वारले, दोघं घडवत असलेला कॅमेरा अर्धवट राहिला. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. कॅमेरा विकत घ्यायचा म्हणजे परदेशातून मागवायचा, आणि तेवढा पैसा नव्हता. मग कोल्हापुरातच धातू कापून, चाकं घासून, तो घडवला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेनं. हे नाव मला मोठेपणी कळलं, त्याची आजही खंत वाटते. या गावात सिनेमाचा पहिला विश्वासाचा पैसा एका गाणाऱ्या बाईचा होता.

१९२० साली 'सैरंध्री' आला. बायकांची कामं पुरुष करत होते त्या काळात बाबूरावांनी स्त्री-भूमिका स्त्रियांकडून करवून घेतल्या. कीचकाचा वध इतका खरा वाटला की लोक हादरले. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. मग १९२५ चा 'सावकारी पाश'. देव-दानव बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आला, आणि तो तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम.

हे दुसऱ्या कुठल्या गावात का झालं नाही, याचं उत्तर मला काकांच्या वहीत दिसतं. ऐतिहासिक चित्रपटाला जे जे लागतं ते इथं चालत जाऊन मिळत होतं. घोडे दरबारच्या पागेतले. मावळे तालमीतले. पन्हाळा वीस किलोमीटरवर. ढालीला चांभार, दागिन्याला गुजरीतला सोनार, सेटला सुतार, आणि पडदा रंगवणारे तर घरचेच. वहीत एके ठिकाणी तीन दिवसांत साठ मावळ्यांचे कपडे तयार केल्याची नोंद आहे. शिंपी, रंगारी आणि चांभार एकाच गल्लीत राहत असले तरच हे जमतं.

आता माझा मुद्दा. आग लागली, भयंकर लागली, पण तिच्यानंतरही सिनेमा उभा राहिला. जयप्रभाचे मालक आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांनी जळालेला 'मीठभाकर' पुन्हा चित्रित केला. १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' केला. पुढं 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', १९६९ चा 'तांबडी माती'. संपणाऱ्या माणसाची ही यादी नव्हे. मला वाटतं कोल्हापूरचा सिनेमा हळूहळू, एकेक माणूस गाडीत बसून गेल्यामुळं रिकामा झाला. इथं माणूस शिकायचा आणि शिकून झालं की पुण्या-मुंबईला जायचा, कारण चित्रपट विकण्याचं ठिकाण तिथं होतं. कारागिरी आमची आणि तिजोरी दुसऱ्याची, असा संसार किती पिढ्या चालणार?

---

खरी_कॉर्नर
शनिवार, रात्री १०:२५

भावा, डोळ्यांत पाणी आणलंस बघ. रोज कामाला जाताना खरी कॉर्नरच्या त्या कॅमेऱ्याच्या स्मारकाला वळसा घालून जातोय मी. आज पयल्यांदा थांबून बघीन म्हणतो.

माझं आजोबा पैलवान. शिवाजी पेठेत तालीम. सकाळी मेहनत, दुपारी जयप्रभात मावळा, संध्याकाळी परत आखाडा. ते सांगायचे, भालजीबाबा मावळ्यांच्या रांगेत स्वतः उभं राहून मुंडासं कसं बांधायचं ते दाखवायचे. ढिलं बांधलं की रागवायचे. म्हणायचे, लढाईत सुटलं तर डोळ्यावर येईल आणि मरशील. शूटिंगमध्ये कोण मरतंय? पण आजोबांनी शेवटपर्यंत फेटा तसाच कसून बांधला.

आता तुझ्याशी थोडं भांडतो. आगीला बारकं करू नकोस. गांधीजींच्या खुनानंतर ज्यांचा काय संबंध नव्हता त्यांची घरं जळाली. जगदीश खेबूडकर तेव्हा सोळाव्या वर्षातलं पोरगं, त्यांचं घर जळालं, आणि त्यांची पयली कविता त्या राखेतनं आली. भालजी ब्राह्मण म्हणून स्टुडिओ गेला. रिळं काय, पुन्हा काढता येतात. पण आपल्याच गावानं आपलं जाळलं, हे मनातनं कसं काढायचं? आजोबा या विषयावर कधीच बोलायचे नाहीत. विचारलं की उठून जायचे. त्यांनी त्या दिवशी काय बघितलं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

---

कपडेपट
शनिवार, रात्री १०:५०

खरी_कॉर्नर, तुझं बरोबर आहे. मी फक्त रिळं आणि सेटचा हिशेब केला. भालजी गाव सोडून गेले नाहीत, १९९४ मध्ये वारेपर्यंत कोल्हापूरचेच राहिले, याचं वजन मी लिहायला हवं होतं. ज्या गावानं स्टुडिओ जाळला त्याच गावातल्या तालमींतून त्यांनी पुन्हा मावळे उभे केले.

आजोबांचं नाव-आडनाव मला व्यनि (खासगी निरोप) कर. वहीत मावळ्यांची नावं आहेत, शोधतो.

---

शिलाहार
रविवार, सकाळी ७:१५

कपडेपट, छान लिहिलंय. पण 'हळूहळू' हा शब्द मला पटत नाही. कोल्हापूरला बसलेला सगळ्यात मोठा घाव एका झटक्यात बसला आणि तो १९३३ चा.

१ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात सुरू झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे चौघे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले आणि पाचवे सीतारामपंत कुलकर्णी. 'अयोध्येचा राजा' १९३२ साली इथंच बनला. बोलपट येऊन वर्षच झालेलं, आणि त्यात दुर्गा खोट्यांसारखी शिकलेली, घरंदाज स्त्री. त्यानंतरच्या वर्षी कंपनीनं बिऱ्हाड पुण्याला हलवलं. पुढं १९३६ मध्ये 'संत तुकाराम' ज्या दामले-फत्तेलाल जोडीनं केला, ते दोघेही आपल्याच पेंटर-मेस्त्री घराण्याचे शिष्य. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला तेव्हा गाव पुणे होतं.

का गेले? लोक शांतारामांच्या महत्त्वाकांक्षेबद्दल बोलतात. मी रेल्वेचा नकाशा बघायला सांगेन. कोल्हापूर-मिरज-पुणे ही लाइन तेव्हा मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची, आणि मुंबई-पुणे ब्रॉडगेज, रुंद रुळांची. मुंबईहून येणारा माल पुण्यात एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचा. कच्ची फिल्म, ध्वनियंत्राचे भाग, रसायनं, सगळं असंच. तयार प्रिंटा याच वाटेनं उलट्या. मूकपटाला हे चालून गेलं. बोलपटात यंत्र बंद पडलं की मुंबईचा माणूस येईपर्यंत सगळं युनिट बसून. ब्रॉडगेज आली १९७१ च्या सुमारास. तोवर मीटरगेजमुळं गेलेले लोक केव्हाच म्हातारे झाले होते.

आणि एक, बाबूराव पेंटरांबद्दल. १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी' शांतारामांनी मुंबईत राजकमलमध्ये केला. त्यात दिग्दर्शक म्हणून बाबूरावांचंही नाव आहे. शिष्यानं गुरूला बोलावून घेतलं, याचं मला कौतुक आहे. पण गुरूला मुंबईला जावं लागलं.

---

लेथ_मशीन
रविवार, सकाळी ९:०५

मी सिनेमातला नाही, फाउंड्रीतला. वडिलांचा उद्यमनगरात वर्कशॉप होता, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो.

इथं 'तिजोरी दुसऱ्याची' असं लिहिलंय. पण कोल्हापुरात पैसा नव्हता असं म्हणता येत नाही. पन्नास-साठच्या दशकात इथं सहकारी साखर कारखाने उभे राहिले, ऊस वाढला, ऑइल इंजिनं बनायला लागली, ओतकाम वाढलं. शेतकऱ्याच्या, सावकाराच्या, मेस्त्रीच्या हातात पैसा होता. तो सिनेमात का गेला नाही? कारण इंजिनाचं गणित सरळ होतं. ओतलं, कातलं, विकलं, पैसे आले. चित्रपटात पैसे टाकायचे आणि वितरक मुंबईत बसून सांगणार की पहिला आठवडा पडला. हिशेब त्याच्या वहीत. आमच्या वडिलांच्या एका मित्रानं अशी रक्कम घातली आणि कधीच परत बघितली नाही. त्यानंतर आमच्या ओळीत सिनेमाचं नाव काढलं की लोक गप्प व्हायचे.

ज्या हातांनी बाबूराव पेंटरांनी कॅमेरा बनवला तेच हात पुढं इंजिनांकडं गेले. म्हादबा मेस्त्रींची गोष्ट इथं प्रत्येकाला पाठ आहे. एक पीस बघून तसाच दुसरा घडवणारी माणसं. सिनेमाला पुढं जायला नवीन यंत्र लागत होतं, आणि यंत्र करणारी पिढी दुसऱ्या धंद्यात गुंतली होती. आपल्या गावातली बुद्धी संपली नाही, तिला दुसरीकडं चांगले पैसे मिळाले. हे मी अभिमानानं सांगतो, पण वडिलांच्या वर्कशॉपच्या भिंतीवर 'साधी माणसं'चा लोहार चिकटवलेला होता, हेही सांगतो. भात्यासमोर बसलेला लोहार बघितला की वडील थांबायचे.

---

कृष्णाकाठची
रविवार, सकाळी ११:३०

सगळेजण स्टुडिओच्या आतून बोलताय. मी बाहेरून, तंबूतून बोलते.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. आमच्या गावात थिएटर नव्हतंच. सिनेमा यायचा जत्रेत, टुरिंग टॉकीजचा तंबू घेऊन. बायकांना एका बाजूला, पुरुषांना एका बाजूला, मध्ये कनात. जमिनीवर बसायचं, घरून पोतं नाहीतर घोंगडी आणायची. एकच मशीन, म्हणून रीळ बदलताना दिवे लागायचे आणि तेवढ्यात शेंगदाणेवाला फिरायचा. पुसेगावच्या जत्रेला तर असे तंबू ओळीनं लागायचे. एका तंबूतला संवाद दुसऱ्यात ऐकू यायचा. आईनं सुलोचनाबाईंचे सगळे चित्रपट असेच बघितले. सुलोचनाबाई आमच्याच बाजूच्या, खडकलाटच्या. आई त्यांना 'आपली' म्हणायची, जसं एखाद्या नणंदेला म्हणावं.

कोल्हापूरचा सिनेमा या लोकांसाठी बनत होता. त्यात बोलणं गावाचं होतं, भाकरी खरी होती, नांगर धरणाऱ्याला नांगर धरता येत होता. मुंबईच्या सिनेमातला शेतकरी धोतर नेसलेला शहरातला माणूस वाटायचा, आई लगेच ओळखायची.

मग आमच्याकडं टीव्ही आला, व्हिडिओ आला, भाड्यानं व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर. तंबू आले तरी त्यात हिंदी. शेवटचा तंबू मी १९८८ किंवा ८९ ला बघितला. प्रेक्षक तोच होता, गावही तेच. त्याच्यापर्यंत चित्रपट नेणारा माणूस उरला नव्हता. कपडेपटदादा, तुमच्या काकांच्या वहीची शेवटची नोंद १९७२ ची म्हणालात. आमच्याकडं तो दुष्काळ. त्या वर्षी आमच्या जत्रेत तंबूच लागला नाही. खडी फोडायला गेलेल्या माणसाकडं तिकिटाचे पैसे कुठले?

---

कपडेपट
रविवार, दुपारी १२:१०

ताई, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. काका म्हणायचे, काम सुटलं ते रंगामुळं. रंगीत फिल्म महाग, धुवायला मुंबई-मद्रासला पाठवायची, आणि 'पिंजरा' बघितल्यावर काळ्या-पांढऱ्याला कुणी विचारेना. शिवाय रंगीत चित्रपटात आमचे जुने कपडे चालेनात. काळ्या-पांढऱ्यात विटका शेला खपून जायचा. तांबडा रंगवलेला की चॉकलेटी, कुणाला कळतंय? रंगात सगळं उघडं पडलं. कपडेपट नव्यानं करायला हवा होता आणि निर्मात्याकडं तेवढा पैसा नव्हता. दुष्काळाचं ते कधी बोलले नाहीत, पण वही त्याच वर्षी थांबते हे खरं.

---

जिप्सी
रविवार, दुपारी २:००

एक बोचरी गोष्ट कुणीतरी बोललीच पाहिजे. चित्रपटच तेच तेच झाले होते. १९५९ मध्ये 'सांगत्ये ऐका' आला, पुण्यात विजयानंदला अडीच वर्षं चालला. त्यानंतर प्रत्येक निर्मात्याला तमाशा हवा. पाटील, सरपंच, फडावरची बाई, दौलतजादा, शेवटी पश्चात्ताप. ज्या गावानं १९२५ मध्ये सावकारावर चित्रपट काढला, त्या गावानं पन्नास वर्षांनी सावकारालाच फडाच्या पहिल्या रांगेत बसवून त्याच्यासाठी लावणी लावली. मला राग येतो, कारण याच चित्रपटांवर मी वाढलो.

---

शिलाहार
रविवार, दुपारी ३:२०

जिप्सी, राग समजू शकते. तरीही तमाशापटांमुळं जे टिकलं तेही बघा. गणपत पाटलांसारखा नट, खेबूडकरांसारखा शिक्षक-कवी, ढोलकीवाले, फडातल्या कलावंत बायका, या सगळ्यांच्या घरी चूल पेटत होती. गणपत पाटलांनी नाच्या इतका जिवंत केला की लोकांनी त्यांना दुसऱ्या कुठल्याही भूमिकेत स्वीकारलं नाही, आणि त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. दोष साच्याचा आहे, कलावंतांचा नाही.

आणि दरबार विसरू नका. कोल्हापूर सिनेटोन १९३३ साली उभा राहिला तो राजाराम महाराजांच्या पाठबळानं, शालिनी सिनेटोन अक्कासाहेब महाराजांच्या. प्रभात गेल्यावर गावानं दोन नवे स्टुडिओ काढले, ही साधी गोष्ट नव्हती. महाराज १९४० मध्ये गेले. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं. लोकशाही आली, ती हवीच होती. पण 'यंदा तोटा झाला तरी पुढच्या वर्षी काढा' असं सांगणारं माणूस कोल्हापुरात उरलं नाही.

---

कोडंबक्कम
रविवार, रात्री ८:४५

मी मूळचा इचलकरंजीचा, गेली एकोणीस वर्षं चेन्नईत. तुम्ही सगळे कोल्हापूरचं दुःख एकट्याचं समजताय, म्हणून लिहितो.

सेलमला मॉडर्न थिएटर्स म्हणून स्टुडिओ होता. टी. आर. सुंदरम यांनी तीसच्या दशकात काढलेला. मद्रासपासून साडेतीनशे किलोमीटर लांब, जिल्ह्याच्या गावात शंभरावर चित्रपट बनवले. करुणानिधींनी तिथं संवाद लिहिले, एम. जी. आर. तिथल्या चित्रपटातून वर आले. कोइमतूरलाही सेंट्रल आणि पक्षिराजा असे मोठे स्टुडिओ होते. आज सेलमला येरकाडच्या रस्त्यावर मॉडर्न थिएटर्सची कमान तेवढी उभी आहे. मी मुद्दाम गाडी थांबवून बघून आलो. कमानीतून आत बघितलं तर स्टुडिओचं काहीच नाही.

म्हणजे तमिळसारख्या दणकट सिनेमातसुद्धा जिल्ह्याच्या गावातले स्टुडिओ टिकले नाहीत. सगळं एका शहरात गोळा झालं. फरक पुढं पडला. तेलुगूवाल्यांनी मद्रास सोडून हैदराबादला जायचं ठरवलं तेव्हा राज्य सरकार मागे उभं राहिलं, नटांनी स्वतःचे पैसे घातले. अन्नपूर्णा स्टुडिओ १९७६ मध्ये उभा राहिला तेव्हा तो भाग माळरानच होता. आपल्याकडं १९७५ मध्ये करमणूक कर परत देण्याची योजना आली, चांगली होती, मराठी चित्रपटांची संख्या वाढली. पण परतावा निर्मात्याला मिळाला. गावाला, स्टुडिओला, लॅबला काय मिळालं?

---

क्लॅप_इन
सोमवार, रात्री १:१०

आत्ता पॅकअप झालं, म्हणून उशिरा. मी मालिकांमध्ये प्रॉडक्शन बघतो, कोल्हापुरातच.

'संपला' हा शब्द वाचून बरं नाही वाटलं. मोरेवाडीची चित्रनगरी कित्येक वर्षं कुसळं उगवलेली होती, खरंय. आम्ही लहानपणी तिथं क्रिकेट खेळायला जायचो. पण आता तिथं सेट लागतात. 'दख्खनचा राजा जोतिबा' तिथं झाली. 'तुझ्यात जीव रंगला' वसगड्याच्या वाड्यात चार वर्षं चालली, आणि त्या गावात लोक वाडा बघायला गाड्या भरून यायचे. मेकअपमन, लाइटमन, जनरेटरवाला, आचारी, गाडीवाले, रोजचे ज्युनियर आर्टिस्ट, सगळे इथले. माझ्या युनिटमधल्या एका रंगभूषाकाराचे आजोबा जयप्रभात होते. दाढी चिकटवायची त्याची पद्धत आजोबांचीच, मुंबईहून आलेले लोक थांबून बघतात.

पण कपडेपटदादांनी जे लिहिलंय, ते आजही तसंच आहे. स्क्रिप्ट मुंबईहून येतं. एडिट मुंबईत. वाहिनी म्हणाली बंद, की पंधरा दिवसांत सेट मोडायचा. मागच्या वर्षी असंच झालं. एका रात्रीत सत्तर माणसं घरी. एका निर्मितीसंस्थेकडून माझे दोन महिन्यांचे पैसे अजून यायचेत, फोन केला की पुढच्या आठवड्यात सांगतात. मी इथंच राहणार, कारण आई इथं आहे आणि मला हे काम आवडतं. पण माझ्या हाताखालचा हुशार पोरगा परवा गोरेगावला गेला. त्याला थांब म्हणायला माझ्याकडं काय होतं?

---

खरी_कॉर्नर
सोमवार, सकाळी ८:३०

२०२२ ला जयप्रभाची जागा विकल्याचं कळलं तेव्हा मी उपोषणाच्या मांडवात बसलो होतो. जुने कलाकार, तंत्रज्ञ, म्हाताऱ्या बायका ज्यांनी जमावात कामं केली. एक आजी रोज डबा घेऊन यायच्या, मांडवात बसून खायच्या आणि संध्याकाळी जायच्या. काय बोलायच्या नाहीत. मग २०२४ च्या ऑगस्टात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. मी खासबागेच्या बाजूनं धूर बघितला. शेजारी उभा असलेला माणूस रडत होता, मी ओळखत पण नव्हतो त्याला. खांद्यावर हात ठेवला एवढंच.

आज कॅमेऱ्याच्या स्मारकापाशी थांबलो होतो बरं का. पाच मिनिटं.

---

नायट्रेट
सोमवार, सकाळी ११:००

फिल्म जतनाच्या कामात होते, आता निवृत्त. धागा शांतपणे वाचत होते, पण एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपण ज्या सिनेमाबद्दल बोलतोय त्यातला फार मोठा भाग आज कुणालाच बघता येत नाही. मूक 'सावकारी पाश' उपलब्ध नाही. जुनी फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. काही जळाली, काही दमट गोदामात चिकटून दगड झाली, आणि पुष्कळशी लोकांनी चांदी काढायला विकली. फिल्मवरच्या थरात चांदी असते, ती धुऊन काढायचा धंदाच होता. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जिथं एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता त्याच आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात जे गेलं ते गेलंच.

म्हणून विनंती. कोल्हापूर, सांगली, कागल, गडहिंग्लज, कुठंही कुणाच्या माळ्यावर पत्र्याचे गोल डबे असतील तर ते घरी उघडू नका, उन्हात ठेवू नका, जवळ स्टोव्ह-उदबत्ती नको. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म ॲसिटेटची आहे आणि सडायला लागलीय. वेगळी, थंड, कोरड्या जागी ठेवा. डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. भंगारवाल्याला देऊ नका, एवढं तरी कराच.

कपडेपट, तुमची वही म्हणजे चित्रपटाइतकीच मोलाची वस्तू आहे. नटांची नावं सगळीकडं मिळतात. मावळ्यांची नावं कुठंच नाहीत.

---

कपडेपट
सोमवार, रात्री ९:३०

नायट्रेटताई, आभार. आज बसून पहिली चाळीस पानं मोबाइलवर टिपली. खरी_कॉर्नर, तुझ्या आजोबांचं आडनाव तीनदा सापडलं, पण पहिलं नाव जुळत नाही. तिघेही वेगळे. १९५६ ची सहा-सात पानं एकमेकांना चिकटलीत, त्या लाल रंगाच्या ओलीमुळंच असावीत. त्यात असेल असं वाटतंय. कडेनं 'शिवाजी पेठ, तालीम' एवढी अक्षरं दिसतात. वाफेवर धरून सोडवू का?

---

नायट्रेट
सोमवार, रात्री ९:४५

वाफ अजिबात नको, शाईही जाईल आणि रंगही पसरेल. आहे तशीच, सपाट, कोऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिक नको. शुक्रवारी मी कोल्हापुरात आहे, कागदाचं काम करणाऱ्या मैत्रिणीला घेऊन येते. तोवर उघडू नका.

---

खरी_कॉर्नर
सोमवार, रात्री ९:५२

शुक्रवारी सुट्टी टाकतो. वडिलांना पण घेऊन येऊ काय? ते ऐंशीचे आहेत, जिना किती आहे सांग.

---

कपडेपट
सोमवार, रात्री ९:५८

बारा पायऱ्या, कठडा आहे. आण त्यांना.